आबांच्या हाताचं कणीस

माझी एक गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. अर्धी. उरलेली अर्धी आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोपुढेसुद्धा नाही, आणि तिला माझे सगळे घोटाळे क्रमवार पाठ आहेत.

ऐकलेली अर्धी अशी. लकवा मारलेल्या हातांसाठी मी यंत्रं बनवतो. पिंजऱ्यासारखं हातावर चढवायचं, मोटरवर चालणारं, बोटं उघडून मिटवणारं. बीडच्या एका दवाखान्यात त्याची चाचणी लावली होती. पुण्याहून पैसे मंजूर करणारे पाहुणे बघायला आले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी हौसेनं स्वतःचा हात आत घातला, आणि यंत्रानं जो धरला तो सोडेचना. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. घरून. मी तो काढून त्यांच्या कानाला लावला, आणि साहेब एका हातानं यंत्राशी शेकहँड करत "हो, मेथी आणतो" म्हणत राहिले. हे मी कॉलेजात सांगतो, लग्नाच्या पंगतीत सांगतो. मेथीपाशी हमखास हशा येतो. मी मूळचा तेलगावचा. आमच्याकडे स्वतःची फजिती रंगवून सांगणाऱ्याला कुणी पुढचं काही विचारत नाही. फार सोयीचा आडोसा असतो तो.

हसणाऱ्यांपैकी एकानंही कधी विचारलं नाही — साहेबांच्या आधी त्या खुर्चीत कोण बसलं होतं?

सोपानआबा बसले होते.

लिंबागणेशच्या पुढं एका वस्तीवर राहणारे, मेंढरं राखणारे. पंचावन्नच्या आसपासचं वय, अंगानं काटक. श्रावणात एका सकाळी मेंढरं सोडताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सावरला, जीभही बऱ्यापैकी वळायला लागली. उजवा हात मात्र खांद्याला टांगल्यासारखा राहिला. आता तुम्ही म्हणाल, मेंढरं राखायला हात कशाला? काठी डाव्या हातातही धरता येते. आबांचंही काठीचं दुखणं नव्हतं. दुखणं होतं कातरीचं. दिवाळीनंतर मेंढरांची लोकर कातरतात, आणि ती सावडीनं — तुमच्या कळपाला सगळे येणार, सगळ्यांच्या कळपाला तुम्ही जाणार. आबा त्या भागातले पहिल्या नंबरचे कातरणारे. मेंढराच्या कातड्याला ओरखडासुद्धा न उठवता ते सगळी लोकर एका गोधडीसारखी उतरवायचे म्हणे. हात आला नाही तर लोकांची सावड घ्यायची आणि फेडायची नाही, हे त्यांना जमणारं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं: दिवाळीपर्यंत हात आला तर कळप राहील, नाहीतर विकून टाकीन.

दिवाळीला तेव्हा दोन महिने होते.

दवाखान्यात नसरीन मॅडम होत्या, फिजिओथेरपिस्ट. यंत्रांवर त्यांचा विश्वास बेताचा. त्यांनी आबांना जो उपाय दिला होता तो बिनपैशाचा आणि जिवावर येणारा — रोज सहा तास चांगला हात फडक्यात बांधून ठेवायचा, म्हणजे जेवायला, पाणी प्यायला, गुंडी लावायला मेंदूला झक मारत लुळ्या हाताकडेच यावं लागतं. हे पहिल्या काही महिन्यांतच करायचं. नंतर मेंदू ऐकत नाही. मॅडम हे इतक्यांदा सांगायच्या की मलाही पाठ झालं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

आणि माझं यंत्र? त्याचा मोठा गुण असा की ते सगळं काम स्वतः करत नसे. रुग्णानं जेवढा जोर लावला तेवढा त्याचा, उरलेली कसर मोटर भरून काढणार. रुग्णाचा स्वतःचा जोर किती, ते पडद्यावर दिसायचं. आलेख आमच्या लोकांना काय कळणार, म्हणून मी शक्कल लढवली होती. पडद्यावर बाजरीचं कणीस. जेवढा तुमचा जोर तेवढे दाणे भरणार. या कल्पनेवर मी इतका खूश होतो की आठवडाभर स्वतःच पडद्यासमोर बसून दाणे भरत होतो.

आबांचं कणीस पहिल्याच आठवड्यात भरायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात तर टच्च. त्यांच्या बायको, कौसामावशी, पडद्याकडं लांबूनच हात करून तो कपाळाला लावायच्या. बाकी चार रुग्णांची कणसं आबांच्या निम्मीही भरत नव्हती, आणि मी त्यांना आबांचं उदाहरण द्यायचो. जोर लावा, म्हणायचो. आबांकडं बघा.

नसरीन मॅडमनी एकदा मला व्हरांड्यात गाठलं. "इंजिनिअर, माझ्या टेबलावर आबांच्या हातातून रुमाल गळतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनमध्ये गेला की त्याचा पैलवान कसा काय होतो?"

मी काय म्हणालो असेन? मी विनोद केला. मॅडम, तुमच्या टेबलाला कणीस नाही ना, असं काहीतरी. त्या हसल्या नाहीत.

पाहुणे येण्याच्या चार दिवस आधीची दुपार. यंत्राचे पट्टे घसरत होते, ते तपासायचे होते आणि रुग्ण कुणी नव्हता. मी एका रबरी हातमोज्यात कापूस ठासून भरला, त्याचा हात केला, यंत्रात बसवला आणि चालू केलं. पट्टे नीट बसले. सहज वर बघितलं. कणीस भरत होतं. भरत भरत गेलं आणि टच्च झालं.

मी आधी हसलो, हे कबूल केलं पाहिजे. कापसाचा हात! आमच्या चाचणीतला सगळ्यात हुशार रुग्ण! कुणाला तरी बोलवून दाखवावं म्हणून मी उठलोसुद्धा. दारापर्यंत गेलो — आणि तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला.

दवाखान्यात यंत्र बसवताना मी दोन आकड्यांची अदलाबदल केली होती. रुग्णाच्या जोराच्या जागी मोटरचा जोर पडद्यावर पाठवत होतो. हात जितका निर्जीव तितकी मोटर जास्त राबणार, आणि तितके दाणे जास्त. ज्या चौघांच्या हातात खरोखर जीव येत होता त्यांची कणसं रिकामी राहत होती, आणि मी त्यांना दटावत होतो. ज्या हातात काहीच येत नव्हतं, जो मोटरच्या भरवशावर आणखी सैल पडत गेला, तो पहिला नंबर.

दुरुस्तीला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. मी खुर्चीत बसलो, ती ओळ उघडली, तिच्याकडं बघितलं आणि बंद केली. चार दिवसांनी पाहुणे येणार होते. तीन आठवड्यांच्या नोंदी रद्द झाल्या असत्या, आबांचं कणीस रिकामं झालं असतं, आणि दाखवायला माझ्याकडं एक मोटर उरली असती. पाहुणे जाऊ देत, मग करू — असं मी ठरवलं. चारच दिवसांचा तर प्रश्न होता, नाही का?

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट ही नव्हे. चूक कुणाचीही होते, आणि चूक झाकणारे माझ्याआधीही होते. ती गोष्ट दुसऱ्या दिवशी झाली.

दुसऱ्या दिवशी आबा आले. नेहमीसारखं कणीस भरलं. यंत्र काढताना त्यांनी मावशींना पाणी आणायला पाठवलं आणि माझ्याकडं वाकून हळूच बोलले.

"इंजिनेर, खरं सांगा. कणीस एवढं भरतंय, मग ह्ये फडकं कावून बांधायचं? बायकूनं घास भरवायचा, पावण्यारावळ्यांनी बघायचं. लई लाज वाटती वो."

डावा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, फडक्यात गुंडाळलेला. विचारत होते ते फक्त मला. मॅडमना विचारलं असतं तर उत्तर काय मिळणार ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना माझं उत्तर हवं होतं, कारण कणीस माझं होतं. आणि मला कालच कळलं होतं की त्या कणसात काय आहे. त्या घडीला अख्ख्या बीड जिल्ह्यात ते फक्त मला माहीत होतं.

"राहू द्या मग, आबा," मी म्हणालो. "न्हाई बांधलं तरी चालतंय."

किती सहज म्हणालो! 'बांधा' म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, कावून? आणि त्या कावूनचं उत्तर माझ्या संगणकात दडलेलं होतं. त्यांनी तिथंच दातांनी गाठ सोडली आणि फडकं खिशात घातलं.

पाहुणे आले. आबांचं कणीस भरलं, टाळ्या झाल्या, मग साहेबांचा हात अडकला, मेथी वगैरे. ते तुम्हाला माहीत आहे. प्रकल्प पुढे मंजूर झाला. त्या संध्याकाळी मी ती ओळ दुरुस्त केली आणि नोंदवहीत लिहिलं — सेन्सर बदलला.

आता पुढचं. इथवर लिहून मी दोनदा उठलोय.

पुढच्या आठवड्यात आबा यंत्रावर बसले. पडद्यावर दोन दाणे भरले. तिसरा नाही. आबांनी पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला, मान थरथरायला लागली. दोनच. मावशी पडद्याकडं बघत होत्या आणि मॅडम दारात उभ्या होत्या.

"माझं काय चुकलं वो?" आबांनी विचारलं.

तीन जण माझ्याकडं बघत होते. खरं सांगायला याहून सोपी वेळ कुठली असती? अजून महिनाभर हातात होता, अजून फडकं बांधता आलं असतं. एक वाक्य लागत होतं — आबा, तुमचं नाही, माझं चुकलं. मी तोंड उघडलं. त्यातून जे बाहेर आलं ते असं:

"घरी फडकं बांधत नव्हता ना तुम्ही?"

"तुमीच म्हनलात" — आबांनी एवढंच म्हणायला हवं होतं. दोन शब्द. मी ते ऐकायला तयार होतो. मनातल्या मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं, की मी गमतीनं म्हणालो होतो. त्याची गरज पडली नाही. आबांनी मान खाली घातली आणि न्हाई बांधलं म्हणाले. शिकलेल्या माणसाला चार लोकांत खोटं पाडायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं. माझ्या हाडात काय होतं ते तुम्ही बघितलंच.

मावशींनी कपाळाला हात लावला. मी रोज मागं लागत होते, हा माणूस ऐकत न्हाई, असं त्या मॅडमना सांगत राहिल्या. मॅडमही बोलल्या, अगदी कडक बोलल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं. आणि मी काय केलं? पट्टे सोडवत होतो. एका पट्ट्याची गाठ सुटत नव्हती म्हणून बराच वेळ लावला.

त्यानंतर ते दोनदाच आले. यंत्राकडं बघतच नसत.

दिवाळी झाली. चाचणीच्या शेवटच्या कागदावर सही घ्यायची होती म्हणून मी वस्तीवर गेलो होतो. मेंढरं टेम्पोत चढवत होते. सावडीला लोक आले होते म्हणे, सगळा कळप कातरून गेले. आबा त्यांच्याकडं गेले तेव्हा त्यांना मेंढरं धरायला बसवलं, कातर कुणी हातात दिली नाही. मायेनंच केलं असणार. दुसऱ्या दिवशी आबांनी केजकडच्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला.

कागदावर एक प्रश्न होता: यंत्रामुळे काही अपाय झाला का? मी वाचून दाखवला. आबा म्हणाले, न्हाई लिवा. मी 'नाही' असं लिहिलं. त्यांनी डाव्या हातानं सही केली. तिला बराच वेळ लागला.

व्यापारी जवळ उभा होता. हात कशानं गेला, असं त्यानं विचारलं.

"वारं गेलतं," आबा म्हणाले. "पर हात गेला माझ्या आळसानं. ह्या सायबानं लई जीव लावला, मीच बांधलं न्हाई."

व्यापाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. व्हय का, म्हणाला.

मी व्हय म्हणालो.

फडकं बांधलं असतं तर हात आला असता का? या प्रश्नाचं एक उत्तर मला स्वतःला सांगायला फार आवडतं. म्हणूनच ते इथे लिहीत नाही.

याला पाच वर्षं झाली. यंत्र आता चांगलं चालतं. कणीस खरं बोलतं. आबा आहेत. गेल्या महिन्यात नसरीन मॅडम एका कार्यक्रमात भेटल्या आणि आबांची आठवण निघाली. त्या भागात कुणाच्याही अंगावरून वारं गेल्याचं कानावर आलं की आबा एसटीनं, नाहीतर पायी तिथं जातात, म्हणाल्या. त्या माणसाच्या खाटेपाशी बसतात, आपला उजवा हात डाव्यानं उचलून त्याला दाखवतात आणि सांगतात, माझ्यासारखा आळस करू नका. मॅडमना त्याचं फार कौतुक वाटत होतं. त्यांच्या शंभर सांगण्यांपेक्षा आबांच्या एका हाताचा परिणाम जास्त होतो, म्हणाल्या.

मी म्हणालो, चांगलं करतात.