मास्क काढून ऐकणारे पंच

आदरणीय रमाकांत तांबे सरांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात हे कबूल करताना मला संकोच वाटत नाही. उलट कधी एकदा सांगते असं झालंय.

मी तेव्हा लांज्याकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून नवीन लागले होते. मुलींचा बेसबॉल संघ घेऊन पहिल्यांदाच रत्नागिरीला आले होते. सर एका हायस्कुलात लिपिक. सुट्टीच्या दिवशी मात्र ते चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे, तोंडावर लोखंडी जाळीचा मास्क चढवून, पंच म्हणून उभे असत. माझ्या संघातली मुलगी धाव पूर्ण करायला होम प्लेटकडे धावत आली आणि त्यांनी तिला बाद दिलं. मी तरातरा मैदानात गेले.

"त्या जाळीतून तुम्हाला दिसतं का काही?"

सरांनी आधी मास्क काढून काखेत धरला. मग दोन पावलं बाजूला सरकले. त्यांच्याकडे वळताना माझी पाठ आपोआप प्रेक्षकांकडे झाली.

"मॅडम, आता बोला. ऐकतोय."

मी बोलत सुटले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "तुमचा मुद्दा कळला. पण कॅचरनं चेंडू अंगाला लावला तेव्हा पोरगी प्लेटच्या वीतभर मागे होती. निर्णय तोच राहील. पाणी घ्या, मग सुरू करू."

पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी मला यातलं इंगित सांगितलं. जाळीआडून बोललं की समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही, त्याचा राग वाढतो. आणि प्रेक्षकांकडे तोंड असलं की माणूस त्यांच्यासाठी भांडतो.

खरी कसोटी लागली ती पुढच्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात. शेवटचा डाव होता, आम्ही एका धावेनं पुढे होतो आणि समोरच्या संघाचे दोन गडी बाद व्हायचे होते. दोन्ही शाळांत मिळून कॅचरचा मास्क एकच. एक चेंडू त्यावर आदळला आणि जाळीचा सांधा सुटला. सरांनी खेळ थांबवला.

"सर, सुतळीनं बांधते. दोनच गडी राहिलेत."

"नाही."

"नियमात सुतळी चालत नाही असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नसलं तरी नाही, मॅडम. तोंड पोरीचं आहे."

मी आणखी वाद घालणार, तोवर सरांनी स्वतःचा मास्क आमच्या कॅचर सायलीच्या डोक्यावर चढवला, खाली वाकून पट्टे आवळले आणि स्वतः जाऊन चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या मागे उभे राहिले. समोरच्या संघाचे प्रशिक्षक ओरडत आले, "तिथून चेंडूचा अंदाज येणार कसा?" सर म्हणाले, "कमी येईल, मान्य. पण तो दोघांनाही सारखाच कमी येईल."

तिसराच चेंडू बॅटला निसटता लागून थेट सायलीच्या तोंडावर आला. खण्णकन आवाज झाला. ती मागे बसली. सर धावत गेले.

"काय गो बाय, बोटं किती?"

"दोन."

"कानात काय वाजतंय का?"

"थोडंसं."

सरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी वाद न घालता तिला हाताला धरून बाहेर नेलं. तिथे सुतळी असती तर, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दुसरी मुलगी कॅचर झाली. समोरच्यांची एक खेळाडू बेसवर होतीच. पुढचीनं चेंडू कुंपणापार टोलावला, दोन धावा झाल्या आणि आम्ही हरलो. हरल्यावर मी पंचांकडे गेले ती आभार मानायला. सर म्हणाले, "ते राहू दे, आधी डॉक्टर." माझ्या एका सहकाऱ्यानं सायलीला स्कूटरवर मागे बसवलं, आम्हाला रस्ता माहीत नव्हता म्हणून सर स्वतः पुढे राहून वाट दाखवत आले, आणि डॉक्टर "काही नाही" म्हणेपर्यंत बाकावरून उठले नाहीत.

त्याच महिन्यात मी त्यांच्याकडे पंचगिरी शिकायला जाऊ लागले. पहिले चार रविवार त्यांनी मला फक्त मास्क तपासायला लावले. प्रत्येक सांधा अंगठ्यानं दाबून पाहायचा, घामट अस्तर उन्हात वाळवायचं, कारण आपल्या दमट हवेत पट्टे आतून कुजतात. शिकवताना ते कधी आवाज चढवत नसत, पण कंटाळा केलेला त्यांना लगेच कळे. आज जिल्ह्यात आम्ही सात जणी पंच आहोत, आणि सातही जणी त्यांच्याच हाताखालून गेलेल्या.

सर अजून रोज पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालून येतात. येत्या हंगामातही ते मैदानावर उभे राहणार, हे परवाच कळलं आणि आम्हा सगळ्यांना आनंदानं काही सुचेना. सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो. त्यांचे गुडघे असेच वाकत राहोत, नजर चेंडूवर राहो, आणि आमच्या कितीतरी सकाळी त्यांच्या खणखणीत "प्ले बॉल"नं सुरू होवोत.