कॅलिपरचा ठोका

तो ठोका पुसणारी मीच. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, आणि स्वतःला वगळून इतरांवर चिडणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे.

अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये, एका चिप कारखान्यात मी दोष शोधते. सिलिकॉनच्या चकतीवर जे असायला नको ते हुडकून काढायचं, याचा मला पगार मिळतो. एखादा ठिपका एकदाच दिसला, तर तो धुळीचा कण, सोडून द्यायचा. तोच ठिपका दर वेळी त्याच जागी दिसला, तर खोट साच्यातच आहे, ती आधी पकडायची. इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे डोळ्यांना तर तेच वळण लागलंय, पण कानांनाही लागलंय हे मला माहीत नव्हतं. सुटीच्या दिवशी मी जुन्या कॅसेट आणि रेकॉर्ड साफ करते. म्हणजे त्यांतलं गाणं कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि खरखर, फटफट काढून टाकायची. हा नाद आईच्या कॅसेटमुळे लागला.

नागपूरला आमच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. एप्रिलमधल्या जयंतीला विहारासमोर मंडप पडायचा आणि दिवसभर विड्या वळून आलेली माझी आई स्टेजवर उभी राहून असा आवाज लावायची की मागच्या गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून यायच्या. त्या पार्टीची एक कॅसेट निघाली. कव्हरवर पार्टीच्या म्होरक्याचं नाव ठळक, आणि त्यापुढे दोन शब्द : ‘आणि पार्टी’. चार गाण्यांत मुख्य आवाज आईचा आहे. कव्हरवर ती त्या दोन शब्दांत कुठेतरी दाटीवाटीनं बसलेली. आई यावर कधी काही बोलली नाही. मला मात्र ती कॅसेट हातात घेतली की अजूनही तिडीक येते.

एका शनिवारी सकाळी गॅरेजचं दार वर करून मी तीच कॅसेट लावली होती. चार घरं सोडून राहणाऱ्या एक वयस्क बाई वॉकर घेऊन फिरायला निघाल्या होत्या, त्या आमच्या ड्राइव्हवेशी थांबल्या. ऐंशीच्या घरातल्या, काळ्या अमेरिकन, ताठ मानेच्या. डाव्या पायात पोलिओमुळे लावलेला लोखंडी कॅलिपर. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग विचारलं, “कोण गातंय हे?”

“माझी आई.”

“नाव काय तिचं?”

अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमच्या मराठी मंडळातली माणसं या गाण्यांचे शब्द कानावर पडले की विषय बदलतात, हवामानावर येतात. मी आईचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा घोळवून नीट म्हटलं. त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणायला लागले. मावशी म्हणजे आईची बहीण, असं समजावल्यावर त्या म्हणाल्या, “मग तिला विचारून घे, मी चालेन का.”

मावशी सोळा-सतरा वर्षांच्या असताना फिनिक्सच्या दक्षिण भागात, टायरच्या दुकानामागच्या एका खोलीत, एक छोटी रेकॉर्ड कंपनी चालायची. ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांची ठेक्यावरची गाणी. एक माइक, एक पियानो, शेजारपाजारची पोरं. दोन-तीन वर्षांत कंपनी गुंडाळली गेली. मावशींनी पुढचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं आणि रविवारी चर्चमध्ये गायल्या, इतकंच.

आता इतक्या वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीला त्या रेकॉर्ड सापडल्या होत्या. सगळी गाणी पुन्हा काढायची, फोटो आणि माहितीची जाड पुस्तिका जोडायची, असा बेत होता. मूळ टेप जुन्या कंपनीच्या मालकाच्या शेडमधल्या उन्हात वितळून गेलेल्या, त्यामुळे जिथे मिळेल तिथून बऱ्या अवस्थेतली रेकॉर्ड मिळवणं चालू होतं. मावशींकडे एक होती. विक्रीला जाण्याआधी ऐकून बघायला काढलेली, कोऱ्या लेबलाची, फारशी न वाजवलेली. त्या गाण्याची तितकी चांगली प्रत दुसरी कुणाकडे नव्हती.

नव्या कंपनीनं पुस्तिकेचा कच्चा मजकूर त्यांना पाठवला होता. त्यात या गाण्याखाली मुख्य गायिका म्हणून मालकाच्या मेहुणीचं नाव होतं आणि मावशींचं नाव खाली, मागे साथ करणाऱ्यांत. मालकाच्या नोंदवहीत तसंच लिहिलं होतं म्हणे. मेहुणी दिसायला छान होती, जाहिरातीच्या फोटोत उभी राहू शकत होती. कॅलिपर लावलेली मुलगी त्याला फोटोत नको होती. त्या गाण्यात गायलेल्या चौघींपैकी आता एकट्या मावशी उरल्या होत्या. त्यांना पैसे नको होते, सत्कार नको होता. त्या गाण्याखाली आपलं नाव हवं होतं. बस.

“रेकॉर्ड मी साफ करून देते,” असं मी फुशारकीनं म्हटलं. दोन शनिवार-रविवार त्यावर बसले. खरखर गेली, पियानो उजळला. पण गाण्याच्या खाली एक बारीकसा ठोका होता, आधी ‘धप्’ आणि लगेच ‘टिक’, पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतरानं. पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो तो दोष. रेकॉर्डला बाक आला असेल असं ठरवून मी तो एकेक करत सगळा उपटून काढला आणि स्वतःवर खूश झाले.

मावशी आमच्या सोफ्यावर बसून ऐकत होत्या. पहिलं कडवं संपायच्या आत त्यांनी हात वर केला. “बंद कर. माझा पाय कुठे गेला?”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. गाताना त्या डाव्या पायानं ताल धरायच्या. बुटाचा तळ फळीवर पडला की धप्, आणि पाय उचलताना कॅलिपरच्या सांध्याचा टिक. मालक पायाखाली घोंगडी घाल म्हणून मागे लागला होता. मावशींनी साफ सांगितलं होतं की पाय थांबला तर गाणंही थांबेल. सोळा वर्षांच्या मुलीनं त्या माणसाला ऐकवलं, त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं, आणि तो पाय रेकॉर्डवर राहिला. मी तो दोन आठवड्यांत नाहीसा केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मूळ आवाज मी जपून ठेवला होता, एवढंच नशीब. साफ केलेली फाइल टाकून दिली आणि पहिल्यापासून बसले. आता तो ठोका वाचवत, त्याच्याभोवतीची खरखर काढत. तुलनेसाठी नव्या कंपनीकडून बाकीची गाणीही मागवून ऐकली, आणि तेव्हा लक्षात आलं. त्या जुन्या कंपनीच्या ज्या गाण्यांत मावशी खरोखरच मागे उभ्या होत्या, त्यांतही धप्-टिक आहे, पण लांबून, खोलीत घुमून आलेला. या गाण्यात तो अगदी जवळ आहे, मुख्य आवाजाइतकाच जवळ, आणि आवाज श्वास घेतो तेव्हा तोही किंचित रेंगाळतो. माइक एक. माइकसमोर उभी होती ती कॅलिपरवालीच. मेहुणीचे दोन्ही पाय धडधाकट होते.

मी कारखान्यात बनवते तसा रीतसर रिपोर्ट बनवला, आलेखांसकट, आणि पाठवून दिला.

नव्या कंपनीच्या माणसानं व्हिडिओ कॉल लावला. माणूस गोड बोलणारा, मागे भिंतभर रेकॉर्ड. “फॅसिनेटिंग,” तो म्हणाला. “खरंच. पण डॉक्युमेंटेशन नाही ना. नोंदवहीत वेगळं लिहिलंय. आपण असं करू, मॅडमच्या नावाआधी ‘बहुधा’ लिहू.”

“बहुधा?” मावशी म्हणाल्या. “मी तिथे बहुधा उभी होते का?”

तो हसला, सॉरी म्हणाला, छपाईची तारीख जवळ आल्याचं सांगितलं. मग माझ्याकडे वळून, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, “तुमचं क्रेडिट मात्र नक्की. ध्वनी-शुद्धीकरण म्हणून तुमचं पूर्ण नाव छापू.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दोन आठवडे माउस हलवला, तर माझ्या नावाला पुरावा लागत नाही. माझी नोंद कुठल्या वहीत आहे, हे त्यानं विचारलं नाही. माझं ‘बहुधा’ नाही. जिनं गाणं गायलं तिला मात्र कागद आणायला सांगतो, आणि कागद कुणी लिहायचा तर ज्यानं तिला फोटोतून हाकललं त्यानं! हे मी त्याला तोंडावर म्हटलं. त्याचा चेहरा उतरला, पण ‘बहुधा’ उतरलं नाही.

त्या संध्याकाळी मी मेल लिहिली. मावशींचं नाव सरळ छापा, नाहीतर रेकॉर्ड मिळणार नाही, साफ केलेली फाइलही मिळणार नाही, आणि माझं नाव कुठेही घालायचं नाही. आणि मेहुणीचं नाव छापलंत तर ते खोटं आहे हे माहीत असताना छापलंत, असं मी जाहीर सांगेन. नवरा मागे उभा राहून वाचत होता. “अगं, लीगल काही झालं तर? आपलं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग आहे, यार. थोडं सॉफ्ट कर ना.” मी एक शब्द बदलला, तोही आणखी कडक केला, आणि पाठवून टाकलं. मावशींना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आणखी एक लिहून पाठव, मी ऐंशी वर्षांची आहे, मला घाई नाही.”

उत्तर तीन ओळींचं आलं. तुमच्या निर्णयाचा आदर आहे, आम्ही दुसऱ्या प्रतीवरून काम करू.

काही महिन्यांनी संच बाजारात आला. आपण विकत घ्यायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. पण गावच्या लायब्ररीनं तो मागवला आणि मावशींना राहवेना. मी त्यांना घेऊन गेले. टेबलावर पुस्तिका उघडली. त्या गाण्याखाली छापलं होतं, ‘मुख्य गायिका : अज्ञात’. मेहुणी गेली होती, पण मावशीही तिथे आल्या नव्हत्या. हेडफोन लावून गाणं ऐकलं. झिजलेली प्रत, वर इतकी खरखर की पाय ऐकूच येत नव्हता.

मला वाटलं आता त्या रडतील. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, “खोटं तरी गेलं. पेन दे.”

मी पेन दिलं. माझ्यासारखी व्हिसावर आलेली माणसं या देशात पिवळ्या दिव्यालाही ब्रेक मारतात; लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिलीची खूण करायची माझी छाती नाही. तरी मी पान दोन्ही हातांनी ताणून धरलं. त्यांनी ‘अज्ञात’ खोडलं, एकाच रेघेत, आणि वर आपलं नाव लिहिलं. पूर्ण, मधल्या नावासकट. शाळेत गिरवतात तसं, सावकाश.

लायब्ररीतली मुलगी धावत आली. “मॅम, हे लायब्ररीचं आहे, यावर लिहिता येत नाही.”

“मी लिहीत नाहीये,” मावशी म्हणाल्या. “चूक दुरुस्त करतेय.”

मुलगी बिचारी गांगरली. तिला फॉर्म भरणं भाग होतं, वस्तूचं नुकसान झालं की भरायचा असतो तो. मावशींनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं तिनं विचारल्यावर म्हणाल्या, “लिही, हे गाणं मी गायलंय आणि इथे माझं नाव नव्हतं.” मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पायाकडे, आणि तसंच्या तसं लिहिलं.

“साक्षीदार कोणी?”

“मी,” म्हटलं. पलीकडच्या शेल्फशी आमच्या मंडळातल्या एक काकू उभ्या होत्या, कान इकडेच. मंडळात मी कायम पहिल्या नावावर थांबते. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो हिशेब सुरू होतो, तो बघायचा मला वीट आलाय. त्या दिवशी मी माझं पूर्ण नाव सांगितलं, आईच्याच, माहेरच्या आडनावासकट, काकूंना स्पष्ट ऐकू जाईल इतक्या आवाजात. मग सही केली.

मुलीनं खाली तारीख घातली, लायब्ररीचा शिक्का मारला. मावशींनी तिच्याकडे त्याच्या दोन प्रती मागितल्या. एक त्यांनी पर्समध्ये घातली. दुसरी मी घरी येऊन स्कॅन केली आणि त्या गोड बोलणाऱ्या माणसाला पाठवली. वर एवढंच लिहिलं : डॉक्युमेंटेशन जोडलं आहे.