खुट्याला बांधलेली डिश

म्हैस उधळली आणि तिच्यामागून डिश निघाली. डिशला मिठी मारून बसलेला माझा मुलगाही निघाला. दोघं स्लॅबवरून खाली कडब्याच्या गंजीवर आले. शेजारी बाजेवर बारामतीचे सर बसले होते. त्यांच्या हातातला चहा त्यांच्याच विजारीवर गेला.

हे सर कॉम्प्युटर क्लासचे. आमची सून लग्नाआधी त्यांच्याकडे शिकलेली. आमच्या कळंबला तसाच क्लास काढायचा, गावातल्या पोरींना बारामतीची एसटी धरायला लागू नये, असं तिनं मनात घेतलं होतं. धडे आकाशातून यायचे. ते डिशनं झेलायचे, रिसीव्हर नावाच्या डब्यात उतरवायचे आणि तिथून वायरीनं तिन्ही कॉम्प्युटरवर न्यायचे. हे सगळं सरांना चालू करून दाखवलं तर त्यांच्या क्लासची शाखा आमची. नाहीतर ती वालचंदनगरला जाणार होती, तिथंही कुणी मागत होतं.

डब्याचं आणि वायरींचं काम सुनेनं केलं. डिश घरच्या पुरुषांकडे गेली. मुलगा स्लॅबवर डिश फिरवायचा, सून आतून सिग्नल आला का गेला ते सांगायची, आणि मी दारात उभी राहून तेच वर ओरडायची. मेंढरं हाकलेला गळा आहे माझा, पार निरवांगी गावापर्यंत जाईल. आमचे मालक, म्हणजे सुनेचे सासरे, बाजेवर बसून हुकूम सोडायचे.

दुपारभर सिग्नल यायचा आणि जायचा. सुनेनं सगळ्या वायरी काढून परत जोडल्या. मुलगा म्हणाला, ढग आडवे येतात. आभाळात ढग नव्हता. शेवटी सुनेनं सासऱ्याला विचारलं, डिश वाऱ्यानं हलू नये म्हणून तारेचा ताण दिलाय तो कशाला बांधलाय.

"म्हशीच्या खुट्याला," मालक म्हणाले. "म्हैस आणल्यापास्नं हललेला न्हाय तो."

खुटा हलत नव्हता, खरं आहे. पण म्हैस त्या तारेवर मान खाजवत होती, आणि ती खाजवेल तसा सिग्नल जात होता. हे आम्हाला मागून उमगलं.

सर आले तेव्हा म्हैस बसून रवंथ करत होती. मुलगा वर जाऊन डिशला धरून बसला. सुनेनं डबा चालू केला आणि धडा आला. तिन्ही कॉम्प्युटरवर एकच मास्तर. गावाला ऐकू जावं म्हणून मालकांनी स्पीकर ओट्यावर आणून ठेवला होता, तोंड गोठ्याकडे. मास्तर इंग्रजीत कडाडला. म्हैस उठली ती खुटा घेऊनच गेली. खुट्यामागं तार, तारेमागं डिश.

सून बाहेर आली. नवरा अंगावरचा कडबा झाडत उभा आहे एवढं तिनं बघितलं आणि ती सरांपुढं गेली.

"सर, धडा दिसला का न्हाय?"

"दिसला," सर विजार झटकत म्हणाले. "ताण कुणी बांधला?"

आम्ही सगळ्यांनी मालकांकडे बघितलं. मालक म्हैस गेली त्या वाटेकडे बघत राहिले.

"खांब सिमेंटमध्ये रोवा," सर सुनेला म्हणाले. "गोठ्यापासून लांब. शाखा तुमची."

क्लास पुष्कळ वर्षं चालला. मालक शेवटपर्यंत म्हणायचे, खुटा चांगला होता, म्हैसच नाठाळ निघाली.

त्या दिवशी डिश वाकली. मुलगा वाचला, सर वाचले, म्हैस अंधार पडायच्या आत परत आली. वर ओरडून सांगायला स्लॅबवर कुणी उरलं नव्हतं, तरी मी दारातच होते.