सुदामचा चाळीस दिवसांचा मुळा

आमच्या बांधावर किस्से गवतासारखे वाढतात. कोणी पेरत नाही, कोणी खत घालत नाही. मी मात्र मधूनमधून पाणी सोडतो!

यंदाचे सगळे किस्से माझ्या पुतण्याच्या, सुदामच्या मुळ्याचे. त्याची केळी रोगानं गेली, तर गड्यानं तिथं चाळीस दिवसांत येणारा हायब्रीड मुळा लावला. बायको कमलनं बजावलं, "हा पण गेला तर शेती बस्स. माझ्या भावाच्या पावरलूमवर जायचं." सुदामला बंद खोलीत अर्धा तास बसवत नाही, तो दिवसभर त्या खडखडाटात!

*

बियाण्याचं रिकामं पाकीट त्यानं देव्हाऱ्यात ठेवलं. मी चौथी नापास, पण चाळीसपर्यंत येतं. रोज एक दिवस वाढवून विचारायचो, "सुदाम, आज अठरावा ना?"

"सतरावा, आप्पा!" आणि गडी घरी पळायचा, कॅलेंडर बघायला.

*

रोज सकाळी एक मुळा उपटायचा, बघायचा, परत रोवायचा. कमल म्हणाली, "लेकराला रोज पाळण्यातून काढून मापता का, किती वाढलं म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून तो नुसती माती उकरून बघायला लागला. सुधारणाच म्हणायची!

*

बाविसाव्या दिवशी माझे हात शिवशिवले. बाजारातला जाडजूड मुळा आणला आणि सुदाम यायच्या आधी मधल्या ओळीत रोवून ठेवला.

सुदाम नाचतच आला, "आप्पा, तयार झाला!" मी तोंड उघडेपर्यंत टेम्पोवाल्याला फोन! टेम्पो आला. दुसरा मुळा उपटला, तर करंगळीएवढा. तिसराही तसाच.

सुदामनं टेम्पो रिकामाच परत पाठवला. "बी मिक्स आहे, आप्पा. गेलो मी लूमवर."

खरं सांगावं, तर समोर कमल विळा घेऊन उभी!

*

तोच जाडा मुळा घेऊन गडी बुऱ्हाणपूरला, बियाण्याच्या दुकानात. मागोमाग मी. दुकानदारानं माती झटकली. पानांच्या बुडाशी बाजारात जुडी बांधतात तो केळीच्या सोपटाचा, म्हणजे वाळक्या सालीचा बंद, गाठीसकट!

"क्यों भैया, तुम्हारे खेत में मूली बंधी-बंधाई उगती है क्या?"

सुदामनं आधी गाठ बघितली, मग मला. परतीच्या बसमध्ये सुदाम पुढं बसला. मी अगदी मागं.

*

चाळिसावा दिवस. मेहुणा सकाळीच मोटारसायकल घेऊन शेतात हजर. "चला दाजी, लूमवर जागा ठेवलीय."

सुदाम ओळीपासून दोन पावलं मागं सरला. "आप्पा, तुम्हीच उपटा."

मी देवाचं नाव घेतलं आणि खेचला. पांढराशुभ्र, हातभर! कमलनं पदर डोळ्यांना लावला. सुदामनं मात्र लांबी बघितलीच नाही. आधी पानं फाकवून बंद शोधला!

मग दुसरा स्वतः उपटला. तिसरा. चौथा. सगळे तसेच.

"पाव्हणे," तो मेहुण्याला म्हणाला, "लूमवरची जागा रिकामी कशाला ठेवता? आप्पांना घेऊन जा!"

तोवर कमलनं माझी काठी मोटारसायकलला बांधलीसुद्धा. केळीच्या सोपटानं!