पुरलेला अंगठा

"अंगठा कुठे आहे?" मी पुन्हा विचारलं.

दिनेश मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, तो आमी पुरला. खाडीच्या बांधाला."

मी कपाळाला हात लावला. मी कॅन्सरची डॉक्टर, ओपीडी पनवेलला. दिनेश उरणकडचा, बंदरावर ट्रेलर चालवतो. त्याची आई ताराबाई माझी पेशंट. बाईंचा जन्म मिठागरात अनवाणी गेला. पायाच्या अंगठ्याखाली काळा डाग आला, तेव्हा फावडं लागून रक्त साकळलं असेल म्हणून सोडून दिला. तो मेलानोमा होता, म्हणजे त्वचेचा फार वाईट कॅन्सर. आपल्याकडे तो बरेचदा तळपायाला होतो, आणि तळपाय बघतो कोण? डाग चिघळल्यावर जवळच्या नर्सिंग होममध्ये अंगठा काढला. चिमूटभर तुकडा लॅबला गेला आणि तपासणीतच संपला.

स्कॅन मात्र स्वच्छ आला. रोग परत येऊ नये म्हणून एका लसीची चाचणी चालू होती. ताराबाईंना तिथे जागा मिळत होती. अट एकच, त्यांच्याच कॅन्सरच्या गाठीचा, म्हणजे त्या अंगठ्यातला तुकडा हवा.

दिनेशला मी त्याच्या कामातलं उदाहरण दिलं. शरीरातली प्रत्येक पेशी आतल्या प्रोटीनचे बारीक तुकडे बाहेर दाखवते, कंटेनरसोबत मालाचा कागद असतो तसे. रक्तातले टी-सेल नावाचे पहारेकरी तो कागद वाचतात. भलता माल दिसला की पेशी मारतात. कॅन्सर लबाड, तो कागदच लपवतो, नाहीतर पहारेकऱ्याला गुंगी आणतो. नेमका कोणता माल धरायचा, हे लस पहारेकऱ्याला शिकवते. पण हा माल प्रत्येक पेशंटचा वेगळा, म्हणून ज्याची गाठ त्याचीच लस.

"मंग उकरून आनू?" तो उठलाच.

"अरे बाबा, खाऱ्या चिखलात आता काय उरलं असणार? पण पुरलात कशाला?"

"आय बोलली, अंगाचा तुकडा कचऱ्यात नाय टाकायचा. मानूस वर जाईल तं आख्खा गेला पायजे."

मी नर्सिंग होमच्या सर्जनना फोन लावून झाडलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, नातेवाईक मागतात. नाही म्हटलं तर दारात गाव जमतं. आणि तुमच्या लसीचं मला कोण सांगणार होतं?"

खरंच होतं ते. राग गिळला.

चाचणीवाल्यांनी नकार कळवला. ताराबाई मलाच समजावत होत्या, "जाऊं दे गो बाय. अंगठ्याबिगर चालते ना मी." पहारेकऱ्यांची गुंगी उतरवणारं नेहमीचं औषध आम्ही दिलं. काही महिने बरे गेले. मग रोग फुप्फुसात निघाला. ताराबाई गेल्या. मला फार लागलं ते.

कागदपत्रं न्यायला आलेला दिनेश दारात थांबला. म्हणाला, "कोनी सांगितला असता ना मॅडम, तं आयने सोताच दिला असता."

आता ओळखीच्या प्रत्येक सर्जनला मी बजावते. कापण्याआधी घरच्यांना विचारा, कापलेल्या अंगाचं तुमच्यात काय करतात? मग गाठीचा सुपारीएवढा भाग लसीसाठी जपून ठेवायला मागून घ्या आणि बाकीचा त्यांना पुरू द्या. मागितलं की लोक देतात.