बावखल बुजवू दिलं नाही

"डेंग्यू पॉझिटिव्ह," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे रक्तात डेंग्यू सापडला. शेजारी उभा असलेला माझा मुलगा लगेच म्हणाला, "बाबा, आता बावखल बुजवायचंच."

बावखल म्हणजे उमेळे गावातल्या आमच्या वाडीतलं तळं. केळी त्याच पाण्यावर. गेल्या पावसाळ्यात माझी बायको याच तापाने गेली, तेव्हापासून सगळे बावखलाला खुनी म्हणतात. तिने जन्मभर त्या काठावर भाजी धुतली. ती गेली म्हणून तिची जागाही मारायची?

दवाखान्यातल्या खाटेवर पडलो. हाडं कुटल्यासारखी दुखायची. रोज रक्त काढून प्लेटलेट बघायचे. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे कण. ते फार कमी झाले की अंगात कुठेही रक्त सुटतं. मला भीती वेगळीच. मी इथे पडलोय तोवर हा मातीचा डंपर आणणार!

हे डास बावखलातूनच येतात का, असं शेवटी मुलासमोरच विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हा डास दिवसा चावतो. घराजवळ साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बावखलात मासे आहेत?"

"भरपूर."

"मासे अळ्या खाऊन टाकतात. मग आधी घर तपासा."

मुलाला म्हटलं, "ऐकलंस? त्याआधी डंपर आणलास तर पहिला मला बावखलात टाक."

घरी आलो. महापालिकेच्या बाया डासांची पाहणी करत वाडीत आल्या. कुठल्या पाण्यात अळी वाढते ते बघत घरोघर फिरतात. बावखलात डाव बुडवला. मासे पळाले, अळी नाही. मग न्हाणीत गेल्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून ड्रम कायम भरलेला. झाकण तुटकं. बॅटरी मारली तर आत अळ्या वळवळत होत्या.

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे आईला..."

"गप रे. तिला कुठला डास चावला ते कुणालाच कळणार नाही. ड्रम उलटा कर."

त्याने केला. आतून काथ्याने घासलाही, कारण अंडी कडेला चिकटतात असं त्या बायांनी सांगितलं.

तुमच्याकडे ताप आला तर घरगुती काढे उकळत बसू नका, रक्त तपासा. डॉक्टरीणबाईंनी मला उभं केलं, त्यांचे उपकार आहेत. पण मी वाचलो आणि ती गेली, याची लाज मी बाळगणार नाही. दर आठवड्याला ड्रम मी स्वतः घासतो. आणि बावखल बुजवा म्हणणारा दारात आला, की त्याला आधी त्याच्या न्हाणीत घेऊन जातो.