चढावर खडखडणारी गाडी घेऊन माहूरला

गाडी विकायचं जवळजवळ ठरलं होतं, म्हणूनच खरं तर आम्ही माहूरला निघालो. आमच्या पेट्रोल गाडीला पंचवीस वर्षं होत आली. गेलं वर्षभर चढ लागला की बॉनेटखालून डब्यात हरभरे हलवल्यासारखा खडखडाट यायचा. लातूरच्या मेकॅनिकनं सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, आणि तो खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "एकदा देवीला नेऊन आणू. घाट चढली तर ठिवू, न्हाई तर देऊन टाकू भंगारात."

आवाज मात्र त्यांना मुळीच मान्य नव्हता. "कायबी वाजत न्हाई. त्या मेकॅनिकचं डोस्कं वाजतंय."

अण्णांशी यावर वाद कोण घालणार! तीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर काढली. कुठलं बेअरिंग जाणार ते नुसतं ऐकून सांगायचे. शिवाय गाडी गेली तर चाकूरजवळच्या शेतावर त्यांचं एकट्यानं जाणं संपणार होतं, कारण तिकडे एसटी दिवसातून दोनदाच जाते. म्हणून ते हट्टानं नाकारताहेत, असं मी धरून चालले होते.

सकाळी सहाला निघालो. आईचे गुडघे गडाच्या पायऱ्यांना तयार नाहीत, म्हणून तिनं घरीच राहून देवीच्या ओटीची पिशवी माझ्याकडे दिली. गाडी अण्णांच्या हातात. लातूर ते नांदेड रस्ता आता छान आहे, रमतगमत तीन तास पुरतात. फक्त फाट्यांवर उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर सांभाळा. आमच्या इंडिकेटरचा खटका आपोआप परत येत नाही, त्यामुळे लातूरबाहेर लावलेला इंडिकेटर थेट चाकूरपर्यंत चालू होता.

"अण्णा, तासभर आपण उजवीकडेच वळतोय," मी नेहमीसारखं चिडवलं.

"मागच्याला सावध ठिवावं," ते म्हणाले आणि बंद केला.

अहमदपूरला स्टँडसमोर सुशीला आणि भजी खाल्ली. मुरमुऱ्यांचा हा नाश्ता बाहेरच्यांनी आवर्जून चाखावा. दोघांचं चहासकट शंभरात भागलं. पुढच्या चढांवर खडखडाट सुरू झाला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. इंजिनातलं फार कळत नसलं तरी नोंदी ठेवायची खोड आहे: चढावरच वाजतं, वरच्या गिअरमध्ये जास्त, पाय काढला की थांबतं.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात दर्शन घेतलं, लंगरमध्ये जेवलो आणि तिथल्याच एका सेवेकऱ्याला चांगला मेकॅनिक विचारला. त्यानं बलबीरसिंगांकडे पाठवलं. पन्नाशीचे, जन्म नांदेडचा, मराठी आमच्याहून ठसकेबाज. माझ्या नोंदी त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या.

"उभ्या गाडीत वाजतं का, ताई?"

"नाही."

त्यांनी डिकी उघडली, तळातल्या स्क्रूच्या भोकांवर बोट ठेवलं. "गॅसची टाकी होती ना हितं?"

होती. वर्षापूर्वी काढली होती.

"मग इंजिन कशाला खोलता? गॅसवर चालवायला टायमिंग पुढं घेतेत. टाकी काढली, पण टायमिंग कुणी मागं आणलंच न्हाई. ठिणगी लवकर पडून राहिली, पेट्रोलला ते सोसत न्हाई." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "काका, तुमी जुने इंजिनवाले. बसा शेजारी. पुलावर गाडी दाबतो, वाजलं की हात वर करा."

उड्डाणपुलावर त्यांनी मुद्दाम वरच्या गिअरमध्ये पाय दाबला. इतका खडखडाट झाला की मागच्या सीटवर माझे दात शिरशिरले. अण्णांचा हात मांडीवरच होता. ते अगदी लक्ष देऊन, मान तिरकी करून ऐकत होते.

आरशात बलबीरसिंगांनी माझ्याकडे पाहिलं.

अण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांना तो आवाज येतच नव्हता. पंपांच्या गोंगाटात वरच्या पट्टीचे बारीक आवाज त्यांच्या कानांनी कधीच गमावले होते. मी वर्गात ध्वनीची वारंवारता शिकवते, आणि घरातल्या माणसाला हट्टी ठरवून मोकळी झाले होते. मला फार लाज वाटली.

परत येऊन बलबीरसिंगांनी ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल केला, टायमिंग लाईट लावून जरासा मागं फिरवला, घट्ट केला, प्लग बदलले. तासाभराचं काम, नऊशे रुपये. पुलावर पुन्हा गेलो, तर गाडी मुकाट चढली.

"मी म्हणलं नव्हतं? कायबी वाजत न्हाई," अण्णा खुशीत म्हणाले.

मुक्काम नांदेडला. दुसऱ्या दिवशी अर्धापूर, हदगाव, उमरखेड करत निघालो. माहूरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी धीर करून म्हटलं, "अण्णा, काल पुलावर पहिल्यांदा लई वाजलं होतं."

ते कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "मला वाटलंच. त्या सरदारानं तुझ्याकडं बघितलं तवाच." मग कप खाली ठेवून म्हणाले, "कुकरची शिट्टी बी येत न्हाई आताशा. म्हणलं, सांगितलं तर तुमी गाडी काढून घेताल."

मग चावी त्यांनीच माझ्यापुढे सरकवली. "मागून हॉर्न दिला तर मला कळायचं न्हाई. घाट तू चढव."

घाटात ते डॅशबोर्डवर पालथा हात ठेवून बसले. "आता दुसरा टाक," म्हणायचे, आणि नेमकं तेव्हाच इंजिनाला दुसरा गिअर हवा असायचा. एकदाही चुकले नाहीत. वर गेल्यावर आईनं दिलेल्या पिशवीतून देवीची ओटी भरली आणि भंगाराचा विषय कुणी काढला नाही.

लातूरला परतल्यावर कानांची तपासणी झाली, दोन्ही कानांना यंत्रं आली. ती लावून पहिल्यांदा शेताकडे निघाले तेव्हा मी शेजारी बसले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी इंडिकेटर लावला आणि ब्रेकच दाबला.

"हे काय टिकटिक करून राहिलंय?"

"इंडिकेटर, अण्णा."

"नवा बसविला का?"

"नाही. पहिल्यापासून तोच आहे."

ते तसेच ऐकत थांबले. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तोही त्यांना ऐकू आला. मग त्यांनी वळण घेतलं, आणि वळण संपल्यावर इंडिकेटर आपल्या हातानं बंद केला.